भूकंपाचे भाकीत आणि क्रियापदाचा अर्थ

मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे चार अर्थ मानले जातात. भूकंपाविषयी समाजात जे बोलले जाते, ते या चार अर्थांच्या कसोटीवर तपासून पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

हौशी भाकितकाराचे वाक्य स्वार्थात व भविष्यकाळात असते: ‘अमुक पट्ट्यात पंधरा दिवसांत धक्का बसणार.’ ‘बसणार’ या रूपात संशयाला जागा नाही. वाक्यातील नामे मात्र सैल असतात. भाकीत पारखावयाचे तर स्थळ, काळ व तीव्रता या तिहींच्या सीमा आधी सांगितल्या पाहिजेत. हिमालयाच्या पट्ट्यात लहानमोठे धक्के नित्य बसत असल्यामुळे सीमा न सांगणारे भाकीत तेथे खोटे ठरूच शकत नाही. तिन्ही सीमा सांगून वारंवार खरी ठरलेली पद्धत अद्याप शास्त्रज्ञांनाही साधलेली नाही. चीनमधील हायचेंग येथे १९७५ साली लोकांना भूकंपापूर्वी घराबाहेर काढता आले. पुढच्याच वर्षी तांगशान येथे दोन लाखांहून अधिक माणसे दगावली.

तथापि दोष एकट्या भाकितकाराचा नाही. अभय देणाऱ्याचे वाक्यही त्याच साच्यातले असते. इटलीतील लाक्विला येथे २००९ च्या आरंभी एक तंत्रज्ञ रेडॉन वायूच्या मोजमापावरून भाकिते करीत होता. त्यामुळे पसरलेली भीती शमविण्यासाठी एका अधिकाऱ्याने लोकांना निर्धास्त राहण्यास सांगितले; ६ एप्रिलच्या भूकंपात ३०९ माणसे मेली. आपल्याकडेही १९६२ च्या भारतीय मानकात भूकंपक्षेत्रांची गणना शून्यापासून होती. १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला आणि १९७० च्या आवृत्तीतून हे शून्य गेले. तरीही सर्वांत खालच्या, पहिल्या क्षेत्रात गणलेल्या किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी दगडमातीच्या जाड भिंती कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ‘संभव कमी’ याचा अर्थ आपण ‘होणार नाही’ असा लावला होता.

जेथे भूकंप आणि अणुवीज केंद्र यांचा शेजार आहे तेथे हा अर्थभेद अधिकच महत्त्वाचा ठरतो. पालघर जिल्ह्यात तारापूरचे केंद्र १९६९ पासून आहे. त्याच जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. तेथील रहिवाशाला ‘होणार’ आणि ‘होणार नाही’ ही दोन्ही वाक्ये सारखीच निरुपयोगी आहेत. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमाच्या चालू अणुभट्ट्या धक्का बसताच आपोआप बंद झाल्या. घात झाला तो त्सुनामीने आपत्कालीन वीज तोडल्यामुळे. त्यानंतर लोकांना हलविण्याची मर्यादा एका दिवसाच्या आत ३, मग १० आणि शेवटी २० किलोमीटर झाली. उणीव भाकिताची नव्हती, सिद्धतेची होती.

सिद्धतेचा खरा अर्थ संकेतार्थ आहे: ‘भोंगा वाजला, तर दारे-खिडक्या लावून घरात थांबा, निघण्याची सूचना आली, तर ठरलेल्या जागी जमा.’ अट आणि आज्ञा यांची ही जोडी भविष्य जाणण्याचा दावा करीत नाही, म्हणून ती खोटीही ठरत नाही. भारतात केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन केले जाते आणि केंद्राबाहेरील कार्यवाही जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. परंतु सूचनापत्रकांत ‘आवश्यक ती खबरदारी घेण्यात यावी’ असा कर्मणि विध्यर्थ आला की कर्ता नाहीसा होतो. खबरदारी कोणी घ्यावयाची, केव्हा आणि कोणती, हे गावकऱ्याला कळत नाही.

जालना जिल्ह्यात अणुभट्टी नाही. परंतु मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात, २०२४ साली मार्च व जुलै महिन्यांत ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले. आपल्या विद्यार्थ्यांनी जिल्ह्यातील शाळा, ग्रामपंचायती व रुग्णालये येथील आपत्तिविषयक सूचना जमवाव्यात आणि प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारावेत: कर्ता कोण, अट कोणती, कृती कोणती? ज्या वाक्यापाशी उत्तर मिळणार नाही, ते दुरुस्त करून संबंधितांकडे पाठविणे हे भाषाभ्यासकाचेच काम आहे.