घाशीराम, नाना आणि आपली महत्त्वाकांक्षा

'घाशीराम कोतवाल' शिकवत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, घाशीराम मनोविकृत होता काय? अशीच माणसे यशस्वी होतात म्हणे." प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

हर्व्ही क्लेक्ली या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९४१ साली अशा माणसांचे वर्णन केले. पुढे रॉबर्ट हेअर यांनी २० लक्षणांची तपासणीसूची तयार केली. वरवरची मोहिनी, लबाडी, पश्चात्तापाचा अभाव, दुसऱ्याच्या दुःखाविषयी बधिरता ही त्यातली काही. या लक्षणांनिशी मी तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकाकडे पाहिले.

घाशीराम त्यात नीट बसत नाही. चोर ठरवून झालेला अपमान त्याला जाळतो. पोटची पोर नानाला देऊन तो कोतवाली मिळवतो आणि ती मेल्यावर पिसाळतो. तो क्रूर आहेच, पण त्याला जखम आहे. लक्षणे जुळतात ती नाटकातल्या नानाशी. पोरीच्या मरणावरही तो परमार्थ सांगतो, काम संपताच घाशीरामाला जमावाच्या हवाली करतो आणि उत्सवाचा हुकूम देतो. यशस्वी कोण? नानाच.

पण नानाला एकट्याला रोगी ठरवून आपण सुटतो काय? नाटकात घाशीरामाचा छळ भोगणारे मुख्यतः ब्राह्मणच आहेत. वेशीबाहेरच्या माणसाची वेदना या नाटकाच्या केंद्रात येत नाही, ही त्याची मर्यादा मला जाणवते. हेअर यांची सूची एका माणसाला तपासते. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये अख्खा समाज तपासला आणि जातीने सहानुभूती जातीपुरती बांधून टाकली, हे दाखवून दिले. अशा समाजात बधिरता हा एखाद्याचा रोग राहत नाही. ते सर्वांना लावलेले वळण असते.

ते वळण मलाही लागले आहे. मी घरातला पहिला पदवीधर. परवा गावाकडचा एक पोरगा प्रवेशासाठी मदत मागायला आला, तेव्हा "सर मीटिंगमध्ये आहेत" असा निरोप मी शिपायाकडून दिला. मीटिंग नव्हती. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत बोलून दाखवली, ती मला उद्देशून होती.

महत्त्वाकांक्षा आपण सोडायची नाही; ती सोडा असे सांगणाऱ्यांचा हेतू आपण ओळखतो. पण वाड्यात शिरताना नानाची रीत आपण उचलली, तर वाडा तसाच राहील आणि बदललेले आपण असू. त्या पोराला मी आता पत्र टाकले आहे.