निवृत्त सैनिकाचे गद्य : विनंतीकडून हक्काकडे

युद्धावरून परतलेल्या सैनिकाचे नागरी जीवन हा आधुनिक युरोपीय कादंबरीचा रुळलेला विषय आहे. रेमार्कच्या 'द रोड बॅक' (१९३१) या कादंबरीत रणभूमीवरची जखम घरी परतल्यावरही भरून येत नाही. मराठीत या अनुभवाचा शोध घेणारा समीक्षक बहुधा कादंबरीपाशीच थांबतो. वस्तुतः मराठीत परतलेला सैनिक फार आधी बोलला. मात्र त्याने निवडलेले प्रकार होते पत्रक आणि अर्ज. समीक्षेने ही संहिता सामाजिक इतिहासाकडे सोपवली आणि तिच्या वाङ्मयीन रूपाचा विचार टाळला.

गोपाळबाबा वलंगकर हे याचे ठळक उदाहरण. महाडजवळच्या रावढळचे हे महार सैनिक १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले व दापोलीस राहिले. जोतीराव फुले यांच्या विचारांचा संस्कार घेऊन त्यांनी 'दीनबंधु'मधून लेखन केले. १८८८च्या सुमारास 'विटाळ विध्वंसन' सिद्ध केले. लष्कराने हुद्दा, नियमित वेतन आणि अक्षरओळख दिली होती. गावकुसापाशी पोचताच हुद्दा गळून पडतो आणि जात तेवढी उरते. येथे जखम युद्धाने केलेली नाही, परतण्याने केलेली आहे. पण निवृत्तिवेतनामुळे बलुत्यावरचे अवलंबित्व सुटते आणि बोलण्याला जागा मिळते. 'विध्वंसन' या शब्दातला आवेश या नव्या जागेतून आलेला आहे.

१८९२-९३च्या सुमारास महारांची लष्करभरती थांबली. तिच्याविरुद्ध वलंगकरांनी १८९४ मध्ये तयार केलेल्या विनंतिपत्रात दोन स्वर एकमेकांना छेद देतात. विनंतीचा आकृतिबंध नम्रतेचा, तर युक्तिवाद सेवेच्या दाखल्यावर उभा. शिवाय आपण मूळचे क्षत्रिय, हा दावाही त्यात येतो. वर्णाच्या शिडीला आव्हान देणारा लेखक येथे त्याच शिडीवरची वरची पायरी मागतो. हा अंतर्विरोध लेखकाच्या वैचारिक दुबळेपणातून आलेला नाही. सेवेच्या मोबदल्यात मान मागणाऱ्या आकृतिबंधाचीच ती मर्यादा आहे. ज्याने सेवा केली नाही, त्याच्या माणुसकीचे काय, या प्रश्नाला अर्जात उत्तर नाही.

हा प्रश्न भंडारा-नागपूरकडून अधिक तीव्रतेने उभा राहतो. कोकणात लष्कराने जे केले, ते या भागात बहुतांशी विणकाम, व्यापार आणि १८७७ मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांनी केले. तरीही कामगारांत काम करणाऱ्या किसन फागुजी बनसोडे यांनी १९१३ मध्ये काढलेल्या पत्राचे नाव होते 'विटाळ विध्वंसक'. सैनिकाचा शब्द सैनिक नसलेल्यांच्या हाती आला आणि त्याला सेवेच्या दाखल्याची गरज उरली नाही.

सुभेदार रामजी सकपाळ यांच्या पुत्राने हे संक्रमण पूर्णत्वास नेले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. त्याच मार्चमध्ये वलंगकरांच्याच महाड परिसरात चवदार तळ्याचे पाणी प्यायले. स्तंभ सेवेची स्मृती जागवतो, तळे मात्र कोणताही दाखला मागत नाही. १९५४च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यात मतदारांसमोर उभे राहिले व पराभूत झाले. पण तेथे विनंती नव्हती, नागरिकाने नागरिकाकडे मागितलेले मत होते.

दलित गद्याचा आरंभ आत्मकथनात शोधणाऱ्या समीक्षेने म्हणूनच या अर्जांकडे परतले पाहिजे. पुराव्यानिशी बोलण्याची तिची सवय तेथे घडली. आणि कोणता पुरावा मागणेच अन्यायाचे आहे, हा प्रश्नही तेथेच सुप्त होता.