‘झिप नंतर बसवली असेल’

तुम्हाला जुने कपडे, दागिने, भांडी अशा वस्तूंवर संशोधन करायचं असेल, तर इन्ग्रिड मिडा आणि अलेक्झांड्रा किम यांचं ‘द ड्रेस डिटेक्टिव्ह’ (2015) तुमच्या यादीत असणारच. नसेल तर टाका. जुना कपडा टेबलावर ठेवला, आता पुढे काय, याचं उत्तर इतक्या साध्या भाषेत देणारं दुसरं पुस्तक मी वाचलेलं नाही. त्यांची पद्धत तीन टप्प्यांची आहे: आधी निरीक्षण, मग चिंतन, मग अर्थ लावणं. यामागे ज्यूल्स प्राऊन यांचा 1982 चा ‘माइंड इन मॅटर’ हा निबंध आहे. त्यातही वर्णन, अनुमान आणि तर्क असेच तीन टप्पे आहेत. पुस्तकाच्या शेवटी प्रश्नांच्या याद्या आहेत. मी त्या झेरॉक्स करून वहीत चिकटवल्या होत्या.

आणि त्या याद्या इमानदारीने भरूनसुद्धा मी एका ड्रेसचं वय साठ वर्षांनी चुकवलं.

पहिल्या वर्षाची गोष्ट. इंग्लंडमधल्या आमच्या विभागाकडे अभ्यासासाठी ठेवलेल्या कपड्यांचा छोटा संग्रह आहे. त्यात एक काळा, सरळसोट, गुडघ्यापर्यंतचा ड्रेस होता. रेशमी कापड, त्यावर काचेचे मणी आणि टिकल्या, वजन दीड किलोच्या वर. कार्डावर एवढंच लिहिलेलं: ‘सायंकाळचा पोशाख, 1920 चं दशक’. गाइड म्हणाले, हा घे आणि नक्की वर्ष सांग. मी बारा पानं लिहिली आणि 1926 हे वर्ष दिलं.

माझा युक्तिवाद ऐका, कारण तो वाईट नव्हता. 1920 च्या दशकात स्कर्टची लांबी वर-खाली होत गेली आणि 1926-27 च्या सुमारास ती सगळ्यात आखूड, म्हणजे गुडघ्याशी होती. कंबर दिसत नाही, हेही त्या काळाशी जुळतं. नक्षीत पंख्यासारखे किरण आणि पायऱ्यापायऱ्यांच्या आकृत्या आहेत. नोव्हेंबर 1922 मध्ये तुतानखामेनची कबर सापडल्यावर इजिप्शियन नक्षीचं वेड आलं, 1925 मध्ये पॅरिसला सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं. कापडाच्या मागच्या बाजूला साखळी टाका दिसला, म्हणजे आकडीच्या सुईचं काम, म्हणजे फ्रान्समधलं लुनेव्हिल. सगळं जुळत होतं.

एकच गोष्ट जुळत नव्हती. पाठीला झिप होती, नायलॉनच्या कॉइलची. नायलॉनची घोषणाच 1938 ची. फॅशनच्या कपड्यांत झिप रुळली तीसुद्धा 1930 च्या दशकात. 1926 च्या ड्रेसला ती असणं शक्य नाही. मी तळटीप टाकली: ‘झिप नंतर बसवली असेल.’

ही तळटीप तुम्हीही कधीतरी लिहिणार आहात. विषय वेगळा असेल, शब्द वेगळे असतील. ‘नोंद करणाऱ्याची चूक असावी.’ ‘हा नमुना अपवाद असावा.’ आपला निष्कर्ष वाचवण्यासाठी आपण एक छोटी, शक्य वाटणारी, पण कोणीही न तपासलेली गोष्ट मध्ये घालतो. झिप नंतर बसवली असणं शक्य होतंच, जुन्या कपड्यांत असे बदल सर्रास होतात. पण ते तपासता येत होतं, आणि मी तपासलं नाही.

तपासलं ते संग्रहाची देखभाल करणाऱ्या बाईंनी. सेमिनारच्या आदल्या दिवशी त्यांनी ड्रेस आडवा ठेवला (मण्यांचा ड्रेस हँगरला टांगायचा नाही, स्वतःच्याच वजनाने खांद्यावर फाटतो) आणि झिपच्या कडा भिंगाखाली धरल्या. मणी भरलेलं कापड मधून कापून झिप लावली, तर साखळी टाका तुटतो आणि त्या कडेचे मणी ओघळायला लागतात. मग ते कुठेतरी गाठी मारून थांबवावे लागतात. इथे तसं काही नव्हतं. दोन्ही बाजूंना शिवणीपुरती कोरी पट्टी सोडून नक्षी थांबत होती. म्हणजे नक्षी आखणाऱ्याला झिप कुठे येणार ते आधीपासून माहीत होतं.

मग त्यांनी अस्तर वर केलं. मी ते केलं नव्हतं! बाहेरून आणि गळ्यातून जेवढं दिसलं तेवढ्यावर मी ‘निरीक्षण’ संपवलं होतं. अस्तर पॉलिस्टरचं. खांद्यांपाशी उसवलेल्या टाक्यांची भोकं, दोन्हीकडे सारखी. तिथे खांद्याचे पॅड होते, कोणीतरी काढून टाकलेले. पॅड परत असल्याची कल्पना करा, आणि तो सरळसोट ड्रेस लगेच 1980 च्या दशकातला रुंद खांद्यांचा ड्रेस होतो. गळ्याचं लेबल आधीच गेलेलं होतं. पण बाजूच्या शिवणीत आणखी एक पट्टी होती, अर्धी कापलेली. वरच्या ओळीत डी, आय, ए एवढीच अक्षरं उरली होती, इंडियाच्या स्पेलिंगची शेवटची तीन. खाली ‘ड्राय क्लीन ओन्ली’.

1980 च्या दशकात रेशमावर मणीकाम केलेले असे ड्रेस भारतातून मोठ्या संख्येने अमेरिका-युरोपात गेले. लॉरेन्स कझारसारख्या अमेरिकी लेबलांखाली ते विकले गेले, आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात आजही मिळतात. लेबल कापलं, पॅड काढले की त्यातले काही ‘1920 चे’ होतात.

आता पुस्तकाकडे परत येतो. माझी तक्रार पहिल्या टप्प्याबद्दल आहे. आधी फक्त बघा, अर्थ नंतर लावा, हा सल्ला ऐकायला निर्दोष वाटतो. पण बघणं तेवढं कोरं नसतं. ‘मागे साखळी टाका’ हे निरीक्षण झालं. ‘लुनेव्हिलचं काम’ हा अर्थ झाला. माझ्या वहीत हे दोन्ही पहिल्याच रकान्यात, एकाच ओळीत होते आणि मला सांधा दिसलाच नाही. आकडीच्या सुईने भरतकाम करण्याची रीत युरोपात 18 व्या शतकात पूर्वेकडून गेली. आपल्याकडे तिला आरी म्हणतात. लग्नाच्या ब्लाउजवर आरीवर्क करून घेणाऱ्या निदान चार बहिणी-मावश्या तुमच्या ओळखीच्या असतील, माझ्याही आहेत. ब्लाउज उलटा करून मी तो टाका शंभरदा पाहिलाय. पण इंग्लंडमधल्या टेबलावर, फ्रेंच पुस्तकांच्या शेजारी, तोच टाका मला फ्रेंच दिसला. प्रश्नांची यादी हे पकडू शकत नाही. यादी विचारते काय दिसतं, आणि मला जे दिसलं तेच चुकीचं होतं.

नक्षीचंही तेच. ‘आर्ट डेको’ हा शब्द आपण 1925 च्या प्रदर्शनाला चिकटवतो, पण शैलीचं नाव म्हणून तो रुळला 1960 च्या दशकात, 1966 चं पॅरिसमधलं प्रदर्शन आणि 1968 चं बेव्हिस हिलियर यांचं पुस्तक यांच्या आसपास. त्यानंतर ती नक्षी कोणीही, कुठेही, पुस्तकात बघून काढू शकत होतं. शैली फक्त इतकंच सांगते की वस्तू त्याच्या आधीची नाही. आमच्या डोळ्यातली 1920 ची बाई तर बरीचशी सिनेमाने घडवलेली आहे. ‘सम लाइक इट हॉट’ची गोष्ट 1929 ची, पण त्यातले कपडे 1959 च्या अंगावर बेतलेले.

कपड्याचं वय त्यातल्या सगळ्यात नव्या मूळ भागावरून ठरतं. या वाक्यातला ‘मूळ’ हा शब्द सगळा घोळ करतो, आणि बहुतेक वेळ तोच सिद्ध करण्यात गेला पाहिजे. सोपे नियम इथे फसवतात. ओव्हरलॉकची शिवण दिसली की कपडा आधुनिक, असं मला एकाने ठामपणे सांगितलं होतं. ओव्हरलॉक मशीन 1880 च्या दशकातलं आहे. अमेरिकी लेबलावरचा आरएन नंबर कंपनीला तो कधी मिळाला ते सांगतो, ड्रेस कधी शिवला ते नाही. आणि टिकली जिलेटिनची आहे का बघायला ती गरम पाण्यात टाका, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. जिलेटिनची असेल तर ती विरघळेल, आणि तुमचा पुरावा तिच्याबरोबर जाईल.

मला साठ वर्षांच्या चुकीपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त लागली. त्या बारा पानांत मी एक आख्खा परिच्छेद पॅरिसच्या कारागीर मुलींवर लिहिला होता: मंद दिवा, वाकलेली मान वगैरे. वाचणाऱ्यांना तो आवडलाही होता. अड्ड्यावर ताणलेलं रेशीम, चारही बाजूंनी बसलेले कारागीर, ज्यांच्या हातून तो ड्रेस खरंच गेला, त्यांच्यासाठी माझ्याकडे एक शब्द नव्हता. गळ्याचं लेबल ज्या कोणी कापलं, त्याचं उरलेलं काम मी पुरं केलं होतं.

तो परिच्छेद मी काढला. संग्रहाच्या कार्डावर आता ‘1980 चं दशक, भारतीय बनावट, आरीकाम, पॅड आणि गळ्याचं लेबल नंतर काढलेले’ असं आहे. जुनी ओळ खोडलेली आहे, पण वाचता येईल अशी. बाईंनी मुद्दाम तशी ठेवली.