ग्रिमोचे पंचांग

पॅरिस येथे १८०३ साली निघालेल्या एका छोटेखानी पुस्तकाच्या आरंभी एक चित्र छापलेले आहे. चित्रात ग्रंथालय आहे. परंतु फळ्यांवर ग्रंथांच्या जागी मांसाचे पदार्थ आणि बाटल्या मांडून ठेवल्या आहेत. पुस्तकाचे नाव 'आल्माना दे गुर्मां', म्हणजे खवय्यांचे पंचांग, आणि त्याचा कर्ता ग्रिमो द ला रेनिएर. खाद्यविषयक फ्रेंच लेखकांत ब्रिया-सावारँचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याच्या आधी वीसबावीस वर्षे हे क्षेत्र नांगरणारा ग्रिमो मात्र विस्मृतीत गेला. हा अन्याय होय असे आम्हांस वाटते. तथापि त्यात ग्रिमोचा स्वतःचाही वाटा आहे.

त्याचा जन्म १७५८ सालचा. बाप सरकारी करवसुलीचा मक्तेदार असल्यामुळे घरी पैशाला तोटा नव्हता. पण मुलाचे हात जन्मतः व्यंग असलेले, आणि त्याची लाज मुलापेक्षा आईबापांनाच अधिक. कृत्रिम हातांच्या साहाय्याने तो लिहू लागला, वकील झाला, नाटकांवर टीका करू लागला. १७८३ साली अंत्यविधीच्या पत्रिकेसारखी निमंत्रणपत्रिका छापून त्याने मेजवानी दिली आणि साऱ्या शहरात गवगवा झाला. पुढे घरच्यांनीच राजाज्ञा मिळवून त्याला नान्सीजवळच्या एका मठात ठेवविले. चरित्रकार या चेष्टांतच रमतात. त्यांच्याबरोबर तेथे थांबण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही.

खरा ग्रिमो क्रांतीनंतरचा. १७९१ साली कारागिरांचे जुने संघ मोडले. सरदार परागंदा झाले आणि त्यांच्या आचाऱ्यांपैकी कित्येकांनी शहरात भोजनगृहे थाटली. नव्या श्रीमंतांच्या हाती पैसा होता, पण चांगले कोणते आणि बरे कोणते हे सांगणारी घराण्याची वळणे त्यांना नव्हती. ग्रिमोने हे अचूक हेरले. नाटकांच्या परीक्षणासाठी त्याने काढलेले नियतकालिक १७९८ मध्ये सरकारने बंद पाडले होते; नटांवर चालणारी ती लेखणी त्याने आता भटारखान्याकडे वळविली. शहरातील रस्ते पायी हिंडत प्रत्येक दुकानाचा गुणदोष सांगणारे लेखन छापील रूपाने, दर खेपेस नव्याने, लोकांपुढे ठेवणे ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. १८१२ पर्यंत पंचांगाचे आठ भाग निघाले.

आणि येथेच त्याचे पाऊल घसरले. त्याने परीक्षकांचे एक मंडळ नेमले. दुकानदारांनी आपले पदार्थ मंडळाकडे पाठवावेत, मंडळाने ते खावेत आणि निवाडा पंचांगात यावा, अशी योजना. पदार्थ अर्थातच फुकट येत. खाल्ल्या मिठाला जागणे हा माणसाचा गुण. न्यायाधीशाचा तो दोष ठरतो. पक्षपाताचे आरोप झाले, आणि ते सर्वस्वी निराधार होते असे म्हणवत नाही. पाले-रोयालमधील कॉर्सेलेचा माल वाईट होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु पत्त्यांसह केलेली स्तुती पानोपानी येऊ लागली म्हणजे वाचकाला तिच्यातून जाहिरातीचा वास येतो. परीक्षणार्थ पुस्तके आमच्याकडेही फुकटच येतात, तेव्हा या प्रश्नाकडे आम्हांस परक्याच्या नजरेने पाहता येत नाही. एवढेच की, पुस्तकाने पोट भरत नाही आणि वाईट पुस्तकाची दुसरी प्रत मागविण्याचा मोह कोणालाच होत नाही.

याच पंचांगाच्या पहिल्या भागात बारा महिन्यांचे वर्णन आहे. कोणत्या महिन्यात बाजारात काय येते, कार्निव्हलची चंगळ संपून उपवासाचे दिवस कसे लागतात, शरदात शिकार ताटात केव्हा येते, हे तो महिन्यामागून महिना सांगत जातो. तेथे त्याची भाषा मोकळी, खट्याळ आणि डोळस आहे. महिन्याकडून नजराणा येत नाही, म्हणूनही असेल. १८०८ साली त्याने यजमानांसाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या आरंभी पंगतीत मांस कसे कापावे याचे सविस्तर व सचित्र विवेचन आहे. ज्याच्या हातांची आईबापांनी लाज बाळगली त्याने जगाला सुरी कशी धरावी हे शिकवावे, याहून तिखट उत्तर कोणते असणार? ग्रंथात स्वतःच्या व्यंगाचे रडगाणे न गाता त्याने हे केले, आणि त्यामुळे त्याच्याविषयीचा आमचा आदर वाढतो.

ब्रिया-सावारँ हा वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश. त्याने १८२५ च्या अखेरीस आपला ग्रंथ स्वतःच्या खर्चाने, नाव न घालता छापविला, आणि दोनच महिन्यांनी तो वारला. त्याला कोणा हलवायाची मर्जी सांभाळायची नव्हती. तो रुचीविषयी बोलला, दुकानांविषयी नव्हे, म्हणून त्याचे लेखन शिळे झाले नाही. उलट ग्रिमो १८३७ पर्यंत जगला. अखेरची वर्षे विलिये-सूर-ओर्ज येथे काढताना आपल्यामागून आलेल्याचा गाजावाजा त्याला पाहावा लागला.

कोणी प्रकाशकाने ग्रिमोचे बारा महिने आणि यजमानांचा ग्रंथ एकत्र करून, दुकानांची प्रकरणे वगळून, मराठीत आणावा अशी आमची इच्छा आहे. इतिहासाचे अभ्यासक मात्र ती वगळलेली पानेच प्रथम मागतील, आणि त्यांचेही काही चुकणार नाही.