‘वॉल-ई’ : प्रेम आणि विटाळ

अँड्र्यू स्टँटन यांचा ‘वॉल-ई’ (२००८) हा अ‍ॅनिमेशनपट बिद्रीत विद्यार्थ्यांसोबत पाहिला. ‘दोन यंत्रमानवांची गोड, हसवणारी प्रेमकथा’ असेच बहुतेकांचे मत पडले. ते खोटे नाही, अपुरे आहे. माणसे पृथ्वीवर कचरा टाकून अवकाशात निघून गेली. ७०० वर्षे तो उपसणाऱ्या यंत्राला एकच आस आहे : कुणीतरी आपला हात हातात घ्यावा. तो यानात शिरतो, तेव्हा त्याच्या चाकांनी उमटलेली घाण पुसत दुसरे यंत्र धावते. सारे हसले. मला पेशवाईतला कमरेचा झाडू आठवला. हाताने मैला उपसण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही गटारात उतरलेली माणसे आजही मरतात. स्पर्शाचा प्रश्न वगळून या प्रेमाची समीक्षा करता येणार नाही.