उकाड्याचा प्रश्न की पोटाचा?

ऑगस्टमध्ये अल रीम आयलंडवर संध्याकाळी खाली फिरायला गेलं की चष्म्यावर लगेच वाफ धरते. समुद्राकडे बघून गार वाटावं म्हटलं, तर पाणीच ३५ अंशांच्या आसपास! अबू धाबीच्या प्रवाळांवर, याच पाण्यात, बोटाएवढा एक मासा राहतो. नाव गल्फ ब्लेनी, शास्त्रीय नाव एक्सेनियस पुल्कर. हा भोकात शेपटीकडून शिरतो, डोकं तेवढं बाहेर ठेवतो आणि कंगव्यासारख्या दातांनी दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. १८८७ मध्ये त्याचं पहिलं वर्णन छापलं गेलं ते मुंबईच्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये, कराचीच्या नमुन्यावरून.

ब्लेनीसारख्या चिमुकल्या, लपून राहणाऱ्या माशांवरचा एक पेपर मी पुन्हा वाचला. सायमन ब्रँडल, जेकब योहान्सन, जॉन बर्ट आणि सहकाऱ्यांचा, २०२० चा, ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधला. त्यांनी अबू धाबीकडचं आखात आणि शेजारचं, जरा सौम्य असं ओमानचं आखात यांची तुलना केली. दोन्हीकडे जिवंत प्रवाळ साधारण सारखंच. तरी आपल्या बाजूला या माशांची विविधता निम्मी, आणि संख्या पाव हिश्शाहूनही कमी.

सोपं उत्तर तयारच होतं: उकाडा सहन झाला नाही, मासे गेले. पेपर ते उत्तर घेत नाही, आणि हेच मला सगळ्यात आवडलं. मासे किती तापमान सोसू शकतात, यावरून हा फरक उलगडत नाही. अडचण ऊर्जेची दिसते. सोसण्यात शक्ती खर्च होते आणि मिळणारं खाणंही वेगळं. म्हणजे पगार होतो, पण भाड्यातच जातो.

याचा फटका फक्त छोट्यांना बसत नाही. ब्रँडल यांच्याच २०१९ च्या ‘सायन्स’मधल्या पेपरनुसार प्रवाळांवर जेवढे मासे खाल्ले जातात, त्यांच्या वजनातला जवळपास ६० टक्के वाटा या चिमुकल्यांचा असतो. म्हणून २०१७ सारखं ब्लीचिंग झाल्यावर फक्त प्रवाळ किती उरलं हे मोजणं पुरेसं नाही. प्रवाळ जिवंत असूनही ताट रिकामं असू शकतं.

माझी तक्रार शीर्षकाबद्दल आहे. ते ठणकावून सांगतं की टोकाची परिस्थिती विविधता आणि उत्पादकता ‘कमी करते’. सारांशात मात्र कारणाबद्दल ‘असं दिसतं’ एवढंच आहे. हा फरक किरकोळ नाही. ही दोन समुद्रांची तुलना आहे, एकाच समुद्राचा आधी-नंतरचा हिशेब नव्हे. आपलं आखात जास्त खारट आहे. शिवाय ते सरासरी जेमतेम ३५ मीटर खोल, त्यामुळे शेवटच्या हिमयुगात कोरडं पडलं होतं. काही जाती इथे टिकल्या नाहीत, की अजून पोचल्याच नाहीत? शीर्षकात या प्रश्नाला जागाच नाही. आणि बातम्यांपर्यंत पोचतं ते शीर्षकच.

तरीही हा पेपर वाचाच. ‘जगातल्या सगळ्यात गरम प्रवाळांवरचे हिरो’ असं म्हणायचा मोह आपल्याला होतो. ब्लेनी दोन्ही आखातांत आहे. दोन्हीकडे तो काय खातो, किती वाढतो, पिल्लं किती होतात, हे वर्षभर मोजायला हवं. नुसतं तो जिवंत आहे म्हणून त्याचं बरं चाललंय असं धरू नये. घरी फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायला नको.