प्रभाकर बरवे यांचे वस्त्रसंकल्पन : चित्रसमीक्षेतील एक दुर्लक्षित बाजू

प्रभाकर बरवे (1936-1995) यांच्याविषयीच्या लेखनात विणकर सेवा केंद्रातील त्यांच्या नोकरीला सहसा एखाद्या वाक्याहून अधिक जागा मिळत नाही. रायगड जिल्ह्यातील नागाव येथील जन्म, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षण, वाराणसीतील तंत्रप्रतिमांचा प्रभाव आणि त्यानंतरची परिपक्व चित्रे, असा क्रम मांडला जातो. वस्त्रसंकल्पन ही केवळ उपजीविका ठरते. वस्तुतः 1961 पासून सुमारे दोन दशके हा चित्रकार वस्त्रसंकल्पक होता. एवढ्या दीर्घ व्यवसायाने त्याच्या दृष्टीवर कोणताच संस्कार केला नाही, हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे.

पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने 1950 च्या दशकात सुरू झालेल्या या केंद्रांनी चित्रकारांना हातमागाच्या कामात आणले. के. जी. सुब्रमण्यन, अकोल्याचे अंबादास हेही तेथे होते. कागदावरचे चित्र मागावर जसेच्या तसे उतरत नाही. ते चौकटींच्या कागदावर मांडावे लागते. ताण्या-बाण्याच्या गाठीभेटींत त्याची फोड करावी लागते. आणि नक्षीची पुनरावृत्ती होताना जोड दिसू नये, याची काळजी घ्यावी लागते. बरवे 1961 ते 1965 या काळात ज्या वाराणसीत होते, तेथे हे काम नक्शाबंदांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होते. येवल्याची पैठणी परिचयाची असलेल्या नाशिक जिल्ह्यातील वाचकास हे वेगळे सांगावयास नको की, पदरावरील मोर जितका विचारपूर्वक विणला जातो, तितकेच अंगावरील दोन बुट्ट्यांमधील अंतरही विचारपूर्वक ठरलेले असते.

बरवे यांच्या उत्तरकालीन चित्रांकडे या दृष्टीने पाहता येते. पान, शंख, घड्याळ यांसारख्या वस्तू तेथे सपाट पृष्ठभागावर एकमेकींपासून अंतर राखून असतात. त्यांना एकत्र बांधणारी क्षितिजरेषा बहुधा नसते. मधली जागा उरलेली नव्हे, योजलेली असते. ‘कोरा कॅनव्हास’ (1990) या त्यांच्या ग्रंथातील अवकाशविषयक चिंतनाची सांगड केवळ तंत्रविचाराशी घालणे म्हणूनच अपुरे वाटते. अर्थात हा संबंध ताणणेही योग्य नव्हे. पुनरावृत्ती हा वस्त्रनक्षीचा प्राण. बरवे यांच्या चित्रात मात्र वस्तूचे महत्त्व तिच्या एकटेपणात असते. त्यांनी वापरलेल्या एनॅमल रंगाचा तुकतुकीत, वाहता पोतही मागाच्या चौकटीला जुमानणारा नाही. मागाकडून त्यांनी अंतर घेतले, आवर्तन नाकारले, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. साम्यापेक्षा हा नकारच अधिक बोलका आहे.

या विवेचनाची खरी अडचण पुराव्याची आहे. चित्रावर सही असते, वस्त्रावर नसते. केंद्रातील आराखडा विणकराकडे गेला की तो विणकराचा, पुढे व्यापाऱ्याचा होतो. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2019 मध्ये बरवे यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. तशा प्रदर्शनाचा मूलाधार चित्रे आणि टिपणवह्या हाच असतो. येवल्याच्या पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, परंतु ती ओळख स्थळाची व उत्पादनाची आहे, नक्षी रचणाऱ्याची नव्हे. बरवे यांच्या आराखड्यावर विणलेले कापड एखाद्या घरात आजही वापरात असू शकेल. ते ओळखावयाची खूण मात्र त्या कापडावर नाही.